घरी लीक लावताय? जरूर लावा, पण आधी औषधांची यादी पाहा

मेघवाडीतले एक काका तपासणीला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काही वर्षांपूर्वी हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली, त्यामुळे वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी कायमची चालू. त्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा. त्या दिवशी तो १.६ आला. म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा धोका.

गोळी एकही दिवस चुकली नव्हती. खाण्यात काही बदल? "काही नाही डॉक्टर, सगळं घरचंच. मुलाने खिडकीत लीक लावलंय, त्यावरून मलाही नाद लागला."

लीक म्हणजे कांदा-लसणाच्या कुळातली भाजी. जाड पांढरा दांडा, वर चपटी हिरवी पानं, चव कांद्यापेक्षा सौम्य. काकांकडचं लीक अजून काडीएवढंच होतं. पण ते वाढेपर्यंत त्यांनी सहा कुंड्यांत कोंब आलेले कांदे खोचले होते. त्यांची पात भराभर वाढली. मग रोज पीठ पेरून पातीची भाजी, घरची कमी पडली की बाजारातली जुडी. महिनाभर हे चाललं होतं आणि "घरचं" म्हणून कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

नेमकं काय झालं?

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यासाठी जीवनसत्त्व 'के' लागतं. वॉरफरिन नेमकं त्याच कामात अडथळा आणतं. जीवनसत्त्व 'के' अचानक वाढलं की गोळीचा जोर कमी पडतो. साध्या कांद्यात ते जवळजवळ नसतं. १०० ग्रॅम लीकमध्ये सुमारे ४७ मायक्रोग्रॅम असतं, तर तेवढ्याच कांद्याच्या पातीत सुमारे २०० मायक्रोग्रॅम. पालक-मेथीबद्दल रुग्ण विचारतात. पात मात्र "कांदाच की" म्हणून सुटते.

यावर "पालेभाजी बंद" हा उपाय नाही. उलट अचानक बंद केली तर आयएनआर वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाजी खा, पण दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात. प्रमाण बदलणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. एपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांना पालेभाजीची ही अडचण नाही. पण म्हणून स्वतःहून गोळी बदलू नका, कारण कृत्रिम झडपेच्या रुग्णांना त्या चालत नाहीत.

माझं मत

बहुतेकांनी घरी भाजी जरूर लावावी. मात्र एका कुंडीतून औषध उगवेल, ही अपेक्षा सोडा. लीकने कोलेस्टेरॉल उतरतं, रक्त "शुद्ध" होतं, असे मेसेज फिरतात. त्यांच्या भरवशावर एकही गोळी कमी करू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. खिडकीतल्या कुंडीतून त्यातला मूठभर वाटाच येईल. फायदा वेगळा आहे. हाताशी असलेली भाजी ताटात येते आणि स्वतः लावलेली पात मुलंही खातात.

कांद्याने ज्यांचं पोट फुगतं त्यांच्यासाठीही एक चांगली बातमी. त्रास देणारे फ्रुक्टान पांढऱ्या भागात जास्त असतात. लीकचा किंवा पातीचा फक्त हिरवा भाग अनेकांना सोसतो. थोड्यापासून सुरुवात करून बघा.

पहिल्यांदाच लावताना

लीकला थंडी आवडते. आपल्याकडे बी ऑक्टोबरमध्ये पेरावं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की वीतभर खोल भोकात एकेक सोडायचं, माती दाबायची नाही, फक्त पाणी घालायचं. दांडा वाढेल तशी भोवती माती चढवत गेलं की तो पांढरा आणि मऊ राहतो. चार-पाच महिने थांबावं लागतं. रोज पाच-सहा तास ऊन हवं, आणि जोगेश्वरीत समोरची इमारत हातभर अंतरावर असते. मुंबईच्या उकाड्यात दांडे बारीकच राहतील, त्यात तुमची चूक नाही. म्हणून मी सांगेन, पहिला प्रयोग कांद्याच्या पातीचा करा. तीन-चार आठवड्यांत कापायला येते. हात बसला की लीक.

काही गोष्टी मात्र टाळू नका :

- कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी कोरड्या कडेला महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.
- कुंडी ग्रिलच्या कठड्यावर मोकळी ठेवू नका. खालून माणसं जातात.
- ताजं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलं खत वापरा. मातीकामानंतर साबणाने हात धुवा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का, तेही पाहा.
- लीकच्या पानांच्या घडीत माती अडकते. दांडा उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धुवा.

काकांच्या गोळीचा डोस तपासून ठरवला, आयएनआर जागेवर आला. कुंड्या काढायला मी सांगितलं नाही. पातीची भाजी आता आठवड्यातून ठरलेल्या दोनच दिवशी, एकेक वाटी. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "काय काय घेता?" असं विचारलं, तर गोळ्यांबरोबर खिडकीतल्या कुंड्यांचंही सांगा.