दुरुस्तीचा हक्क हाही श्रमाचाच प्रश्न

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाताना केदारखेडा लागते. गेल्या उन्हाळ्यात एका बैठकीसाठी त्या बाजूला जाण्याचा योग आला. ज्या काळ्या-पिवळ्या जीपमधून आम्ही निघालो होतो, तिच्या मागच्या बाकाखालून सारखा फडफड असा आवाज येत होता. चालकाला विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "बूफर गेला, साहेब. शहरात दाखवला. ते म्हणाले, हा दुरुस्त होत नसतो, नवा घ्या." नव्या वूफरची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी होती. केदारखेड्याला गाडी थांबली तेव्हा रेडिओ, पंखे आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराला त्याने तो सहज दाखवला. कारागिराने शंकूवर दोन्ही हातांचे अंगठे टेकवून तो हळूच आत दाबला, कान जवळ नेला आणि निकाल दिला, "काही गेलेलं नाही, बाळा. कडा सुटली आहे. रात्रभर ठेव माझ्याकडे."

या एवढ्याशा प्रसंगावर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्च करावी, असे कोणी विचारील. मराठवाड्यात दुष्काळ आहे, बेकारी आहे, शेतमालाला भाव नाही, आणि आम्ही गाडीतल्या गाण्याच्या डब्याची चर्चा करावी काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्या डब्यातच आहे.

वूफरची रचना तशी साधी आहे. लोखंडी सांगाडा, मागे चुंबक, चुंबकाच्या खाचेत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला जोडलेला शंकू. वीज आली की वेटोळे मागेपुढे होते व त्याच्याबरोबर शंकूही हलतो. तो वेडावाकडा हलू नये म्हणून आतल्या अंगाला कापडाची नागमोडी चकती असते आणि बाहेरच्या अंगाला रबराची किंवा फोमची वळी असते. या वळीलाच कडा म्हणतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत, चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या मुलखात, तिचा गोंद सैल होतो. आवाज मर्यादेबाहेर वाढवला तर ती आणखी लवकर सुटते. कडा सुटली की हवा निसटते, शंकू तिरपा होतो आणि वेटोळे चुंबकाला घासू लागते. हे घासणे चालू राहिले तर मात्र वूफर खरोखरीच जातो. म्हणजे बारा इंची वूफरची जेमतेम तीन फूट लांबीची कड सुटली, एवढ्यावरून चुंबक, तांबे, लोखंड व शंकू यांचा संपूर्ण संसार भंगारात काढण्याचा सल्ला त्या चालकाला मिळाला होता!

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही मुद्दाम थांबलो. कारागिराने आपले काम न आढेवेढे घेता समजावून सांगितले. जुना गोंद बोथट पात्याने खरवडायचा, जागा स्पिरिटने पुसायची, कडेला व सांगाड्याला दोन्हीकडे रबरी गोंदाचा पातळ हात द्यायचा आणि तो थोडा सुकू द्यायचा. मग एक बाजू दाबली की तिच्या समोरची बाजू दाबायची, म्हणजे शंकू मध्यावर राहतो. गोंद पक्का धरेपर्यंत चिमटे लावून ठेवायचे. क्षणात चिकटणारा गोंद मात्र वापरायचा नाही; तो काचेसारखा कडक होतो, आणि कडा तर हलत राहायला हवी. फोमची कडा बोटाने दाबताच भुगा होत असेल तर गोंदाचा उपयोग नाही, तेथे नवी कडाच बसवावी लागते. "पण ती मापाची कडा कंपनी देत नाही," ते म्हणाले, "बाजारात शोधावी लागते. मिळाली तर मिळाली." या शेवटच्या वाक्यापाशी वूफरचा प्रश्न संपतो आणि आपला प्रश्न सुरू होतो.

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपल्या मालकीची झाली, असे आपण समजतो. पण जिचा सुटा भाग मिळत नाही, जिचा नकाशा मिळत नाही, जी उघडली तर हमी रद्द होते, त्या वस्तूची मालकी अर्धीच आपल्याकडे आलेली असते; उरलेली अर्धी उत्पादकाने स्वतःकडे राखलेली असते. आज हे वूफरबाबत घडते, उद्या ट्रॅक्टरबाबत, परवा विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरबाबत घडेल; मोबाइलबाबत तर ते घडलेच आहे. मालकीचा प्रश्न केवळ जमिनीचा व गिरणीचा नाही, तो घरातल्या वस्तूपर्यंत येऊन पोहोचला आहे.

जालना जिल्ह्याला हे सांगावे लागू नये. संकरित बियाण्यांच्या उद्योगासाठी हा जिल्हा देशभर ओळखला जातो. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले हे खरे. पण घरच्या कणगीतले बी पेरण्याची चाल मोडली आणि शेतकरी दर हंगामाला दुकानाच्या दारात उभा राहिला, हेही तितकेच खरे. त्या बाबतीत निदान २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येणार नाही, एवढीच मर्यादा घातली. बी राखण्याचा हक्क कायद्यात येऊ शकतो, तर वस्तू राखण्याचा हक्क का येऊ नये?

सरकारला हे सुचलेच नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही तिची क्षेत्रे होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती आली. फ्रान्सने असा निर्देशांक २०२१ पासूनच काही वस्तूंवर छापणे बंधनकारक केले आहे, आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने दुरुस्तीविषयी निर्देशही काढला. आपल्याकडे समित्या झाल्या व संकेतस्थळ झाले. पण केदारखेड्याच्या कारागिराला कडा मिळाली नाही. उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेला हक्क हा हक्क नसतो, ती मेहेरबानी असते.

उत्पादक म्हणतील की अडाणी हातांनी वस्तू उघडल्या तर अपघात होतील. हात अडाणी राहू नयेत असे वाटत असेल तर माहिती खुली करावी. माहिती दडवून वर अज्ञानाचा दोष देणे हा न्याय नव्हे. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत असत, तो केवळ यंत्राच्या आकारासाठी नव्हता. यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे, त्याच्यावर गावाचा ताबा असावा, हा त्यामागचा विचार होता. जे यंत्र गावात उघडता येत नाही, ते कितीही लहान असले तरी त्या अर्थाने मोठेच आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. दुरुस्त झालेला वूफर म्हणजे गाव हादरवण्याचा परवाना नव्हे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी घातली आहे, आणि ती आपल्या मिरवणुकांनाही लागू आहे. कारागिरानेच चालकाला बजावले होते, "आवाज कमी ठेव, कडा टिकंल आणि कानही टिकतील."

निघताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मुलगा बारावी झाला आहे. त्याला हे काम शिकवावे, की शहरातल्या एखाद्या दुकानात नव्या वस्तू विकायला पाठवावे? मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर माझ्या सदिच्छेत नाही, कायद्यात आहे. सुटे भाग ठरावीक वर्षे व वाजवी दरात मिळालेच पाहिजेत, दुरुस्तीची माहिती मराठीतून खुली झाली पाहिजे, बाहेर दुरुस्त केल्यावरून हमी रद्द करण्यास मनाई झाली पाहिजे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा कारागिरांना शिक्षक म्हणून बोलावले पाहिजे. या चार मागण्या आपल्या तालुका शाखांनी पुढच्या बैठकीत ठरावाच्या रूपाने घ्याव्यात आणि प्रत्येक बाजारगावातील कारागिरांना एकत्र बसवावे. हा माणूस संघटित नाही, म्हणून त्याचा प्रश्न लहान दिसतो. परतीच्या वाटेवर त्या जीपमधली फडफड थांबली होती. ती थांबवणाऱ्या हातांना उद्याही काम असेल की नाही, हे आपण किती नेटाने भांडतो यावर ठरेल.