वाचणाऱ्याचा आवाज

वऱ्हाडात श्रावणमासी पोथी लावण्याची चाल जुनी आहे. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि सारे घर ऐकते. आता ध्वनिमुद्रित पुस्तके, म्हणजे ऑडिओबुके, निघाली आहेत. ऐकणे हे वाचण्याहून हलके, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’ (१७१८) निरक्षरांच्या घरी पोहोचले, ते कानांच्याच वाटेने.

मात्र वाचणारा कसा असावा, याविषयी माझा आग्रह आहे. काही जण वाक्यावाक्याला गहिवरतात. मग ऐकणाऱ्याला गहिवरण्यास जागाच उरत नाही! त्याहून मोठा दोष बोलीविषयीचा. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी घ्या. तीत कौतिक नावाची कष्टाळू स्त्री दारिद्र्याशी झगडत संसार ओढते. तिची भाषा वऱ्हाडी. परंतु ‘मले’, ‘तुले’ असे शब्द आले, की काही वाचणारे आवाज वाकडा करून हशा मिळवू पाहतात. शेलूबाजारला याच शब्दांत लोक सोयाबीनचा भाव विचारतात, आजाऱ्याची चौकशी करतात, सासरी निघालेल्या लेकीला निरोप देतात. यात हसण्याजोगे काय आहे? असले वाचन ऐकून एखाद्या मुलाला आपल्या आजीच्या बोलण्याची लाज वाटू लागली, तर तो अपराध वाचणाऱ्याचाच होय.

कौतिकचे बोलणे ज्याला वाचावयाचे असेल, त्याने आधी मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या पारावर दोन दिवस मुकाट्याने बसून ऐकावे. मागे संगीत नसले तरी चालेल.