पहाटेचा गोल्फ आणि मागचे लोक

मंडळी, आमच्या अंजनवेलला गोल्फ नाही. पण पुण्याला पहाटे खेळणारा भाचा परवा कुरकुरत होता, "मामा, पुढचे आजोबा हलतच नाहीत!"

वयाने मी त्या आजोबांच्या पंगतीतला, तरी भाच्याचंच पटतं. पहिलीच चौकडी रेंगाळली की तिचा उशीर मागच्या सगळ्यांच्या माथी. 'आर अँड ए' आणि 'यूएसजीए'चे २०१९ पासूनचे नियम सांगतात: पाळी आली की शक्यतो ४० सेकंदांत फटका मारा, हरवलेला चेंडू ५ ऐवजी ३ मिनिटंच शोधा, मागचे वेगवान असतील तर त्यांना पुढे सोडा. यात 'म्हाताऱ्यांनो, पळा' कुठे आहे? हळू चालणं हा दोष नव्हे, वाट अडवणं हा दोष.

समवयस्कांनो, हा नियम घरातही लावून बघा. "जा रे पुढे" म्हणण्यात कमीपणा कसला?