तेहतिसाव्या वर्षी संपलेलं आत्मचरित्र

गेल्या शनिवारी सार्वजनिक वाचनालयातून 'कृष्णाकाठ' आणलं. रविवारी दुपारी संपलं आणि डोकंच सटकलं. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही हो. जिथे खरी गोष्ट सुरू व्हायची, नेमकं तिथेच ते संपतं म्हणून.

यशवंतराव चव्हाण आम्हा नाशिककरांना तसे घरचेच. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीन युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेलं, आणि १९६३ साली लोकसभेवर बिनविरोध पाठवलं ते नाशिकने. ओझरचा मिग विमानांचा कारखाना त्याच काळातला, १९६४ चा. माझे बाबा तिथूनच रिटायर झाले. गंगापूर धरणाच्या वाटेवरचं मुक्त विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. म्हणजे माझी तक्रार परक्याबद्दल नाही.

पुस्तकात देवराष्ट्रं आहे, कराड आहे, आई आहे, तुरुंग आहे, बेचाळीसची धामधूम आहे. छान आहे सगळं. आणि १९४६ साली तेहतीस वर्षांचे यशवंतराव पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईला निघतात आणि... संपलं! मुंबईचा दुसरा खंड, दिल्लीचा तिसरा, असा बेत होता. पुस्तक आलं १९८४ मध्ये, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले.

आता आपल्याकडे यावर एक ठरलेला सुस्कारा असतो. वेणूताई १९८३ मध्ये गेल्या, माणूस खचला, नियतीने वेळ दिला नाही वगैरे. दुःख खरंच आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण माझा राग नियतीवर नाही, क्रमावर आहे. सत्तरीच्या माणसाने जन्मापासून सुरुवात का करायची? १९२० च्या दशकातलं कराड सांगणारे आणखी चार जण मिळाले असते. पण संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठं मानणारा माणूस १९६० मध्ये त्याच राज्याचा पहिला मुख्यमंत्री होतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, हे दुसरं कोण सांगणार? २६ जून १९७५ च्या सकाळी मंत्रिमंडळापुढे आणीबाणी ठेवली गेली, तेव्हा चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. तिथे ते गप्प का राहिले? एवढंच एक प्रकरण लिहिलं असतं तरी मी बालपण माफ केलं असतं.

गोपनीयतेची शपथ असते म्हणे. असते ना. पण १९६५ च्या युद्धात त्यांनी स्वतः डायरी लिहिली होती, आणि त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकरूपाने आणली. देश काही बुडाला नाही. उलट कळलं की हा माणूस वेळच्या वेळी लिहू शकत होता!

दुसरी तऱ्हा त्यांच्याच शिष्याची. शरद पवारांनी 'लोक माझे सांगाती' २०१५ मध्ये काढलं, आणि २ मे २०२३ ला वाढीव आवृत्तीच्या प्रकाशनातच पक्षाध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं. तीन दिवसांनी राजीनामा मागे. तोवर पुस्तकात काय आहे ते कोण विचारतो? तरी पवारांनी एक गोष्ट बरोबर केली : भांडणातली माणसं हयात असताना लिहिलं, म्हणजे ज्याला खोडायचं त्याला खोडता तरी येतं. माणसं गेल्यावर लिहिलेल्या आठवणींना हरकत घ्यायला उरतं कोण?

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की कारणमीमांसा त्याच आठवड्यात लिहायची असते. 'रिलीज झाल्यावर निवांत लिहू' म्हणालेलं डॉक्युमेंटेशन मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. (माझं स्वतःचंही नाही, उगाच खोटं कशाला बोला.)

असो. रविवारी रात्री हे सगळं बाबांना तावातावाने ऐकवलं आणि समोर वही ठेवली. म्हटलं, ओझरचं लिहा. त्यांनी चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "जन्म, शाळा, असंच सुरू करू ना?"

"नको हो बाबा! मिग-२७ च्या हँगरपासून करा."

"ते जरा आठवून लिहावं लागेल," म्हणाले, आणि वही उशाशी ठेवून झोपले.