ट्रॉलीचा अ‍ॅक्सल आणि घामाचा हिशेब



कापूस वेचला, हळद शिजवून वाळवली, सोयाबीन काढले, तरी पैसा हातात येत नाही. माल बाजारात पोचेल तेव्हाच त्याचे पैसे होतात. चुडाव्याच्या शिवारातून एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला नांदेड, आणि हळद असली तर वसमत. या वाटेवर सारा माल ट्रॉलीच्या एका अ‍ॅक्सलवर तोललेला असतो. तो अर्ध्या वाटेत मोडला की रस्त्यात पडलेल्या मालाचा भाव घेणारा सांगेल तो. त्यात अंधार पडला आणि उभ्या ट्रॉलीवर मागून वाहन आदळले, तर हिशेब नुसता पैशांचा राहत नाही.

म्हणून अ‍ॅक्सल बदलताना 'स्वस्त कुठे मिळेल' हा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न वजनाचा. रिकामी ट्रॉली काट्यावर तोलावी आणि त्यात हंगामातली सर्वांत जड खेप मिळवावी. थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो, पण तो वजा करू नये. पांदणीतले खड्डे त्याची भरपाई वसूल करतातच. अ‍ॅक्सल, पाटे, बेअरिंग आणि टायर यांत जे सर्वांत कमजोर, तेवढीच ट्रॉलीची ताकद. जाड अ‍ॅक्सल बसवला म्हणून जुन्या टायरवर जास्त माल लादता येत नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. मोडका अ‍ॅक्सल दुकानात सोबत न्यावा. दोन चाकांमधले अंतर, पाट्यांच्या दोन बैठकींमधले अंतर, हबचे बोल्ट आणि बेअरिंगवरचा नंबर जुळलाच पाहिजे. चाक पाट्यापासून २० सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटर बाहेर गेले, तर त्याच वजनाने अ‍ॅक्सल वाकवणारा जोर दीडपट होतो. उलट, त्याच पोलादाचा ५० मिलिमीटर चौकोनी अ‍ॅक्सल सोडून ६० मिलिमीटरचा घेतला, तर लोखंड ४४ टक्के जास्त लागते आणि वाक सोसण्याची ताकद सुमारे ७३ टक्के वाढते. हा सौदा तोट्याचा नाही.

तिसरा प्रश्न भंगाराचा. ट्रकचा जुना अ‍ॅक्सल कापून, लांबी जुळवून, वेल्डिंग मारून मिळतो. दिसायला दणकट, भावाला हलका. पण बैल थकतो तसे लोखंडही थकते. त्यातली केसाएवढी चीर रंगाखाली दिसत नाही. कडक पोलादाला वेल्डिंगची धग लागून ते झपाट्याने निवले, की सांध्याशेजारी ठिसूळ होते. पाट्याची बैठक आणि चाकाचा खांदा इथे जोर सर्वांत जास्त येतो. तिथे जोड असलेला अ‍ॅक्सल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आता सरकारकडे वळू. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतो. पण ऐन हंगामात ट्रॉली उभी राहिली, ते दोन दिवस कोणत्या रकान्यात? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ते बरे झाले. खड्डे मात्र जो कर वसूल करतात, त्याची पावतीही मिळत नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली जाहीर झाली. आपल्या गावची पांदण त्यात आहे का, आणि असली तर काम कुठवर आले, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपला हक्क आहे.

तेव्हा तीन गोष्टी करू. अ‍ॅक्सल पक्क्या बिलावरच घेऊ आणि किती वजनाचा, हे बिलावर लिहून मागू. गावात एक दणकट जॅक आणि चालत्या नंबरची बेअरिंगे वर्गणीतून ठेवू. आणि प्रत्येक मोडतोड, तारखेसह, वहीत लिहू. जिल्हा बैठकीला येताना ती वही आणा. भाव मागायला उभे राहायचे, तर खर्च आपल्या हातात लिहिलेला हवा.