भांगेचा प्रसाद आणि पाचवे शील

महाशिवरात्रीला परळी वैजनाथला गर्दी लोटते. त्या दिवशी बीड जिल्ह्यात गावोगाव एक वाक्य ऐकू येते : "घे रे, महादेवाचा प्रसाद आहे, दारू थोडीच आहे!" आपली काही पोरंही आता विचारतात, बावीस प्रतिज्ञांत दारू सोडायला सांगितली आहे, भांगेचे नाव कुठे आहे?

नाव नाही, हे खरे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी प्रतिज्ञांबरोबर पंचशीलही दिले. पाचव्या शीलाने नशेच्या पदार्थांपासून दूर राहायला सांगताना कारण दिले 'पमाद', म्हणजे बेसावधपणा. भांगेने माणूस बेसावध होतो की नाही, ते पिणाऱ्याच्या घरच्या बाईला विचारा.

मग औषधाचे काय? आयुर्वेदात भांग आहे, दम्यावरच्या कनकासवात धोतरा आहे. बुद्धानेही औषध नाकारले नाही. विनयपिटकातल्या महावग्गात पिलिंदवच्छ भिक्खूच्या वातविकारावर मद्य घालून उकळलेल्या तेलाला परवानगी आहे. पुढे काही भिक्खूंनी त्यात जास्त मद्य घातले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा नियम झाला : मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही असेच तेल प्यावे. दुखण्याला औषध, पण औषधाच्या नावाखाली नशा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रेघ आजही पुरेशी आहे.

आता कायदा पाहा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. मात्र गांजा ओढायला साधूला कुठलीही सवलत नाही. तरीही कुंभमेळ्यातल्या चिलमीचे फोटो कौतुकाने छापले जातात. तीच पुडी मजुराच्या खिशात सापडली की गुन्हा दाखल होतो. एकाची नशा भक्ती, दुसऱ्याची गुन्हेगारी, हे कोणत्या समतेत बसते?

पण याचे उत्तर "आम्हालाही चिलीम द्या" हे नाही. कायदा सर्वांना सारखा लावा, ही मागणी करू. ऊसतोडीवरून कंबर मोडून परतणाऱ्या आपल्या आईबापांना गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि गोळी मिळावी, यासाठी भांडू. वेदना विसरायला लावणारा प्रसाद व्यवस्थेला सोयीचा असतो. आपल्याला शुद्धीवर राहायचे आहे, कारण लढायचे आहे.

जय भीम!