उष्ट्या औषधांची मदत नको

कुठे पूर आला, भूकंप झाला की आपल्या वस्त्यांतून खोकी फिरू लागतात. जुने कपडे, धान्य आणि घरात उरलेली औषधे. कुणी अर्धी संपलेली खोकल्याची बाटली टाकतो, कुणी पाच गोळ्या उरलेली पट्टी. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो येतो, 'औषधांची इतकी खोकी रवाना'. या खोक्यांना आमचा विरोध आहे. कुणाच्या भावना दुखावल्या तरी तो आम्ही मांडणार.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून तिथे सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्या ढिगात नेमके काय आहे एवढे समजायलाच ५० माणसांना सहा महिने लागले, आणि सुमारे पाचवा हिस्सा नष्ट करावा लागला. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात २० लाखांहून कमी लोकांसाठी सुमारे ४,००० टन औषधे गेली. त्यांतल्या बहुतेकांवरची लेबले तिथे कुणाला वाचता येत नव्हती. आचेमधला हा हिशेब मांडला फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'फार्मासिस्ट विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने. डॉक्टरांच्या अशाच संघटनेला १९९९ चे नोबेल मिळाले, ते सर्वांना ठाऊक असते. गोदामात खोकी फोडून तारखा वाचणाऱ्याला कोण ओळखतो? श्रमाची ही उतरंड आपल्याला नवी नाही.

अशाच अनुभवांतून १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची तत्त्वे जाहीर केली. घेणाऱ्याची गरज आणि इच्छा विचारूनच द्या. जो दर्जा देणाऱ्याच्या देशात चालत नाही, तो घेणाऱ्याच्याही देशात चालणार नाही. एका रुग्णाला दिलेले, त्याच्याकडून परत आलेले औषध दुसऱ्याला दान करू नका.

हे शेवटचे तत्त्व पुन्हा वाचा. उष्टे देऊ नका, असेच ते सांगते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडायला सांगितले. येसकर पाळीची भाकर मागत दारोदार फिरलेल्या समाजाला दान देणाऱ्याची नजर कशी असते ते शिकवावे लागत नाही. तोच समाज आज पूरग्रस्ताच्या हातात दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या ठेवणार असेल, तर महाडचे आपण काय केले?

'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे,' असे कार्यकर्ते म्हणतात. औषधाच्या बाबतीत हे खोटे आहे. मधुमेहाची चुकीची गोळी पोटात गेली तर साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडेल. अँटिबायोटिकच्या उरलेल्या तीन गोळ्यांनी जंतुसंसर्ग बरा होत नाही, आणि जंतूंना त्या औषधाला दाद न देण्याची सवय लागते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते उन्हात तापलेल्या टेम्पोतून नेले तर बाटली दिसते तशीच, गुण मात्र गेलेला.

मग मदत कशी करायची? आंतरराष्ट्रीय संस्थांचा आपत्कालीन संच बघा. १०,००० लोकांना तीन महिने काय लागेल याचा हिशेब आधी, खोके नंतर. हा हिशेब, मुदत जवळ आलेली बॅच आधी काढणे, आजीला तिच्या भाषेत 'ही जेवणाआधी, ही नंतर' असे समजावणे, हे फार्मासिस्टचे काम आहे. आपल्या फार्मसी कायद्याचे, १९४८ च्या, कलम ४२ हेच सांगते: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. आपल्या शिबिरांत मात्र ते देतो हौशी स्वयंसेवक, तेही बऱ्याचदा कंपन्यांच्या फुकट नमुन्यांतून.

डी. फार्म., बी. फार्म. झालेली आपली शेकडो मुले-मुली गावोगावी आहेत. काहींनी सर्टिफिकेट दुकानदाराला महिन्याच्या भाड्याने दिले आहे. नोकऱ्या नाहीत, पगार तुटपुंजे, हे आम्ही जाणतो. पण तुमच्या नावाच्या पाटीखाली दहावी पास पोरगा गोळ्या मोजतो आणि त्या घेणारी बहुतेकदा आपलीच माणसे असतात. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते कागद भाड्याने लावण्यासाठी नव्हे.

सहा डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला आरोग्य शिबिरे लागतील. फलकावर डॉक्टरांची नावे असतातच. त्याखाली फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, आणि त्यालाच टेबलामागे उभे करा. उघडलेली पट्टी घेऊन कुणी आले तर ती नाकारण्याचा अधिकार त्याला द्या, आणणारा आपला नेता असला तरी.